पॉइंट ओ बॅरिलचं वळण: चार्टवरचे दोन मिलिमीटर

या प्रकरणातली जागा खरी आहे. बोट आणि तिच्यावरची चार माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत. कॅनडातल्या जॉर्जियन बेच्या पूर्व किनाऱ्यावर छोट्या बोटींचे पंखे (प्रोपेलर) ज्या कारणांनी तुटतात, ती सगळी इथे एका संध्याकाळी एकत्र आणली आहेत. एरवी त्यांतलं एखादं कारण एकटंच असतं आणि बोट निभावून जाते. तीन-चार जमली की दगड लागतो.

प्रसंग

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. ६.७ मीटरची फायबरची बोट, पुढे झोपण्यापुरती केबिन, मागे १५० अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर. मोटर पूर्ण खाली असताना तिच्या तळाच्या संरक्षक पात्याचं टोक पाण्याखाली ०.८५ मीटर, मोटर वर उचलली तर बोटीचा तळ ०.४५ मीटर. बोटीवर मिसिसागाचं मराठी कुटुंब: सुकाणूवर भाऊ, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बहीण, तिचा नवरा आणि चौदा वर्षांचा मुलगा. हायवे ४०० धरून ट्रेलरवर बोट पॅरी साउंडला आणली, तिथे पाण्यात सोडली. दुपारी पॉइंट ओ बॅरिल स्टेशन या गावाच्या धक्क्यावर पेट्रोल भरलं. बेत असा, की खाडीतून पश्चिमेला दीपगृहापर्यंत यायचं, तिथून उत्तरेला वळून हँगडॉग चॅनल ओलांडायचा आणि अंधाराआधी बेफील्ड इनलेटमध्ये नांगर टाकायचा.

धक्का सोडला पाचला. या अक्षांशावर त्या आठवड्यात सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे हातात अडीच तास. दुपारभर पश्चिमेचा १२ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा होता, तो पाचपर्यंत पडला. पाणी आरशासारखं. सगळ्यांना बरं वाटलं, आणि इथेच पहिली गफलत झाली. या किनाऱ्यावर थोडी लाट असलेला दिवस बरा, कारण उथळ खडकावर लाट फुटते आणि पांढरी रेघ दिसते. आरशासारखं पाणी काहीच सांगत नाही.

साडेपाचच्या सुमाराला, वळणाच्या अलीकडे, वेग १८ नॉट. सुकाणूवरच्याने पुढचा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) ओळखला आणि मधला कोन सोडून सरळ त्याच्यावर रोख धरला. नाळेवरून आवाज आला, "दादा, समोर पिवळं!" त्याने थ्रॉटल एकदम मागे ओढला. बोटीची नाळ खाली आली, मागचा भाग बसला, आणि धाड. मोटर उसळून वर आली, मुलगा केबिनच्या दारावर आपटला, इंजिन किंचाळून बंद पडलं.

तळ असा का आहे

जॉर्जियन बे हा ह्युरॉन सरोवराचा ईशान्येकडचा हात. पूर्व किनाऱ्याला तीस हजार बेटांचा किनारा म्हणतात. २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. खालचा खडक कॅनेडियन शील्ड या फार जुन्या खडकाळ पट्ट्याचा, बहुतेक नाईस नावाचा टणक दगड. हिमनद्यांनी तो घासून गुळगुळीत केला, मऊ पट्टे खोल खणले, टणक पट्टे तसेच ठेवले. बेटाची जी पाठ वर दिसते तशाच पाठी पाण्याखाली आहेत, फक्त त्या वरपर्यंत पोचलेल्या नाहीत. वाळूच्या किनाऱ्यावर तळ हळूहळू वर येतो आणि खोलीमापक आधी इशारा देतो. इथे ६ मीटरवरून पाऊण मीटरवर यायला दोन बोटींची लांबी पुरते. शिवाय मापकाचा सेन्सर मागच्या फळीवर बसवलेला असतो, म्हणजे तो आकडा दाखवतो तेव्हा नाळ तिथून केव्हाच पुढे गेलेली असते. या पाण्यात मापकाचा उपयोग चार्टवरची, म्हणजे पाण्याच्या नकाशावरची, आपली जागा ताडून बघायला. धोक्याची घंटा म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

इथल्या चार्टलाही एका बुडालेल्या जहाजाची पार्श्वभूमी आहे. सप्टेंबर १८८२ मध्ये 'एशिया' नावाची प्रवासी आगबोट या उपसागरात वादळात बुडाली, शंभराहून जास्त माणसं गेली, दोघं वाचली. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, जॉर्जियन बेची पाहणी सुरू झाली आणि कॅनडाच्या जलमापन खात्याची सुरुवात तिथपासून मानतात. आज छोट्या बोटींसाठी पोर्ट सेव्हर्नपासून लिटल करंटपर्यंत खुणा लावलेला मार्ग आहे. त्याचे पट्टीसारखे चार्ट २२०२ ते २२०५ या क्रमांकांचे. आपलं वळण २२०३ वर आहे, प्रमाण १:२०,०००. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे पाण्यावरचे २० मीटर. हा एक आकडा डोक्यात पक्का बसला तर पुढचं अर्धं प्रकरण घडत नाही.

१८ नॉट म्हणजे सेकंदाला सव्वानऊ मीटर. प्लॉटरकडे, म्हणजे चार्ट आणि आपली जागा दाखवणाऱ्या पडद्याकडे, चार सेकंद बघितलं तर बोट ३७ मीटर पुढे गेली: चार्टवर जेमतेम दोन मिलिमीटर. त्याने कोन तोडला तोही साधारण ४० मीटरने, तेही दोनच मिलिमीटर. पेन्सिलच्या बोथट टोकाएवढी जागा. ५ नॉटवर त्याच चार सेकंदांत बोट १० मीटर जाते.

पाण्याची पातळी

कोकणातला तांडेल रोज दोनदा भरती-ओहोटीचा हिशेब करतो आणि तो त्याच्या अंगात भिनलेला असतो. इथे चंद्राची भरती नगण्य, म्हणून नवखा माणूस चार्टवरचा आकडा म्हणजेच खोली असं धरून चालतो. पण या सरोवराची भरती-ओहोटी वर्षांची असते. चार्टवरची खोली जिथून मोजतात ती शून्यपातळी समुद्रसपाटीपासून १७६.० मीटर धरलेली आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये महिन्याची सरासरी १७७.५० पर्यंत चढली, जानेवारी २०१३ मध्ये १७५.५७ पर्यंत उतरली. फरक १.९३ मीटर, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतका. २०१३ च्या पाण्यात चार्टवरच्या प्रत्येक आकड्यातून ४३ सेंटिमीटर वजा करावे लागत होते. उलट २०२० च्या उन्हाळ्यात पातळी १७७.४ च्या आसपास होती, आणि चार्टवर कोरडे दाखवलेले कितीतरी दगड पाण्याखाली गेले होते. ओळखीचा दगड दिसेनासा झाला की उथळ पाण्यापेक्षाही जास्त घोटाळा होतो, कारण वाट मोजायची खूणच हरवते.

वर्षाच्या आत चढ-उतार साधारण ३० सेंटिमीटरचा: जुलैच्या सुमाराला सगळ्यात जास्त, मग हिवाळ्यापर्यंत उतार. म्हणजे जुलैमध्ये ज्या दगडावरून बोट सुखरूप गेली तो सप्टेंबरमध्ये लागू शकतो. त्यात वारा एका बाजूने बराच वेळ राहिला तर पातळी आणखी काही सेंटिमीटर वरखाली होते. पॅरी साउंडला पातळी मोजणारं केंद्र आहे, त्याचा ताजा आकडा घरूनच पाहता येतो. त्यातून १७६.० वजा करायचे आणि उरलेला अधिक किंवा उणे आकडा सुकाणूजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवायचा. बस, एवढंच काम.

या प्रकरणात पातळी १७६.२० धरू. वळणाच्या आतल्या बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळात ०.६ असा आकडा आहे असं समजा. तिथे त्या दिवशी पाणी ०.६ अधिक ०.२, म्हणजे ०.८० मीटर. मोटरला हवं ०.८५. कागदावरच पाच सेंटिमीटरची तूट होती. निघण्याआधी बेरीज झाली असती तर त्या कोपऱ्यात जायचा विचारच आला नसता.

चार्टवरची खोली पायांत आहे की मीटरमध्ये हे शीर्षकाखाली लिहिलेलं असतं. कॅनडात दोन्ही तऱ्हेचे कागद वापरात आहेत, आणि प्लॉटर भलत्याच एककावर लावलेला असतो. "३" हा आकडा फूट असेल तर शून्यपातळीला मीटरभरही पाणी नसतं, मीटर असेल तर बिनघोर जाता येतं. खडकाची चिन्हंही सारखी नाहीत. नुसतं अधिकचिन्ह म्हणजे पाण्याखालचा धोकादायक खडक, खोली माहीत नाही. अधिकचिन्हात चार ठिपके म्हणजे शून्यपातळीला पाणी अगदी माथ्यावर. चांदणी म्हणजे शून्यपातळीला उघडा पडणारा. नुसत्या अधिकचिन्हाला आम्ही भिंत समजतो. तिथे बेरीज करायला आकडाच नसतो.

प्लॉटरवर खडक का दिसला नाही

दिसला नाही, कारण सुकाणूवरच्याने बेफील्ड इनलेट एका पडद्यात मावावं म्हणून चित्र लहान केलं होतं. आजकालचे बहुतेक चार्ट आकृतींच्या माहितीतून पडद्यावर रेखले जातात, आणि चित्र लहान केलं की गर्दी नको म्हणून सुटे खडक गाळले जातात. पडदा स्वच्छ निळा दिसतो. कागद असं करत नाही. शिवाय त्या मापावर बोटीचं चिन्हच चॅनलपेक्षा रुंद दिसतं, त्यामुळे आपण मध्यावर आहोत की काठावर हे कळायला मार्ग नसतो.

उपाय साधा आहे. बेटांमध्ये शिरलं की प्लॉटर मोठ्या मापावर लावून तसाच ठेवायचा, पुढचा प्रवास बघायला कागद मांडीवर घ्यायचा, आणि कागद धरणारा माणूस सुकाणूवरच्यापेक्षा वेगळा असायचा. इथे बहिणीचा नवरा मोकळा बसला होता. त्याच्याकडे कागद असता, आणि त्याने प्रत्येक बोया मागे पडल्यावर पेन्सिलीने खूण केली असती, तर कोन तुटतोय हे त्याला आधी दिसलं असतं. कागद वाचणारा दोनच गोष्टी मोठ्याने बोलतो: पुढची खूण कोणती आणि ती कोणत्या हाताला ठेवायची. बाकी गप्पा बंद.

रंगाची बाजू

उत्तर अमेरिकेत वरच्या दिशेला, म्हणजे मोकळ्या पाण्यातून बंदराकडे जाताना, लाल खूण उजव्या हाताला आणि हिरवी डाव्या हाताला. लाल बोयांचे क्रमांक सम, हिरव्यांचे विषम. खडकावर रोवलेल्या फलकांत लाल त्रिकोण उजव्या बाजूचा, हिरवा किंवा काळा चौकोन डाव्या बाजूचा. स्टेशनकडून बाहेर पडताना आपण खालच्या दिशेला चाललो, म्हणून लाल डावीकडे. इथपर्यंत त्याने बरोबर केलं होतं. पण खाडीची वाट किनाऱ्यालगतच्या मुख्य मार्गाला मिळते तिथे दिशेचा हिशेब नव्याने सुरू होतो. त्या मार्गाची "वरची दिशा" कोणती हे रंग सांगत नाही, चार्टच सांगतो. जिथे दोन वाटा मिळतात तिथे पोचण्याआधी, दोनशे मीटर अलीकडे, बोट जवळजवळ थांबवून पुढच्या तीन खुणा नावानिशी ठरवायच्या.

बोयांचे क्रमांक इथे मुद्दाम दिलेले नाहीत. बर्फामुळे बरेचसे बोये हिवाळ्यापूर्वी उचलतात आणि वसंतात पुन्हा टाकतात. क्रमांक, जागा बदलतात आणि दुरुस्त्या नाविकांसाठीच्या सूचनांमध्ये येतात. जुना चार्ट घेऊन नव्या बोयांची संगती लावत बसणं हीसुद्धा खडकाकडे जाणारी एक वाटच आहे. या मार्गावरचे पुष्कळ बोये बारीक खांबासारखे असतात, आणि सूर्य समोर असला की लाल-हिरवे दोन्ही काळेच दिसतात.

उजेड

साडेपाचला सूर्य क्षितिजावर जेमतेम २० अंश, नैऋत्य-पश्चिमेला, म्हणजे जवळपास नाळेवरच. त्या कोनात पाण्याचा पृष्ठभाग चमकतो आणि आतलं काही दिसत नाही. ध्रुवीकृत (पोलराइज्ड) काचांचा चष्मा बरीच चमक कापतो, सगळी नाही. सूर्य पाठीशी आणि वर असेल तर मोकळ्या बाजूच्या स्वच्छ पाण्यात रंगावरून खोली ताडता येते: खोल पाणी काळसर निळं, मग हिरवट, मग फिक्या चहाचा रंग, आणि माथा अर्धा-पाऊण मीटरवर आला की हळदीसारखा पिवळा. बहिणीने ओरडून सांगितला तो हाच. फरक इतकाच, की चमकेतून तो तिला २५ मीटरवर दिसला. १८ नॉटवर २५ मीटरला पावणेतीन सेकंद लागतात.

खाड्यांच्या आतल्या टोकांना हेही कामाचं नाही. पाणथळ जमिनीतून येणारं पाणी काळ्या चहासारखं असतं आणि अर्ध्या मीटरवरचा खडकही दिसत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा चार्ट आणि कमी वेग यांवरच चालावं लागतं.

म्हणून या भागात पश्चिमेकडे जाण्याचे टप्पे सकाळी, पूर्वेकडे जाण्याचे दुपारनंतर, असा बेत आखतात. या कुटुंबाने पेट्रोल भरून स्टेशनजवळच रात्र काढली असती आणि सकाळी नऊला निघाले असते, तर सूर्य पाठीशी असता. एकच गोष्ट बदलायची मुभा असती, तर आम्ही हीच बदलली असती.

थ्रॉटल ओढला तेव्हा काय झालं

हा भाग लोकांना पटत नाही. बोट वेगात असते तेव्हा ती पाण्यावर उचललेली असते. या बोटीच्या मोटरचं टोक तेव्हा पाण्याखाली साधारण ०.६० मीटर. दगडावर पाणी ०.८०. म्हणजे तशीच गेली असती तर कदाचित वरून निघून गेली असती. थ्रॉटल एकदम ओढला की बोट पाण्यात बसते, मागचा भाग स्थिर स्थितीपेक्षाही खाली दबतो, आणि आपलीच मागची लाट येऊन ढकलते. टोक मीटरभर खाली गेलं आणि तेवढ्यातच दगड आला.

यावरून "वेगात निघून जावं" असा धडा घेतला तर पुढचा दगड तळ फाडेल. तीन सेकंद उरले असताना चांगला पर्याय एकही नसतो. प्रश्न तीन सेकंदांवर येऊच द्यायचा नाही. खुणा नसलेल्या किंवा शंका असलेल्या पाण्यात ४ ते ५ नॉट, आणि मोटर अर्धी उचललेली, पण पाणी खेचण्याची जाळी बुडलेली राहील इतपतच. त्याने २० ते २५ सेंटिमीटर मिळतात. ७-८ नॉट हा मधला वेग मात्र सगळ्यात वाईट: नाळ आभाळाकडे, समोरचं दिसत नाही, मागचा भाग दबलेला. "हळू चाललोय" असं वाटणारे बरेच जण नेमके या वेगात असतात. अरुंद जागी तर प्रश्नच नाही. ओंटारिओत किनाऱ्यापासून ३० मीटरच्या आत सर्वसाधारणपणे ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे.

दगड लागल्यावरची पंधरा मिनिटं

पहिलं माणसं. आवाज देऊन चौघांची उत्तरं घ्यायची. मुलाचं कपाळ फुटलेलं, शुद्ध आहे, उलटी नाही. कापड दाबून बसवलं, बाबांनी त्याच्याशी बोलत राहायचं. सगळ्यांच्या अंगात जॅकेट. इंजिन न्यूट्रलमध्ये, चावी बाहेर. लगेच पुन्हा सुरू करून रिव्हर्समध्ये ओढायचा मोह आवरायचा. तळाला भोक पडलं असेल तर दगडच कधी कधी ते बुजवून बसलेला असतो.

मग पाणी. मागचं झाकण उचलून टॉर्च मारायचा, पाणी जिथे आहे तिथे मार्करने रेघ ओढायची, दोन मिनिटांनी पुन्हा बघायचं. नुसतं बघून "वाढतंय का" हे घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही, रेघ सांगते. पंप आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करावा. पाण्याच्या रेषेखाली ३० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक असेल तर सेकंदाला जवळजवळ ३ लिटर पाणी आत येतं, तासाला दहा हजार लिटर. अशा बोटीत बसवतात तो पंप कागदावर तासाला चारेक हजार लिटरचा असतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून आधी भोक बुजवायचं, टॉवेल, गादीचा तुकडा, लाकडी बूच, जे हाती येईल ते आतून दाबून, आणि मग पंप. या बोटीत रेघ जागची हलली नाही. मार मोटरने खाल्ला होता, तळाने नाही.

तिसरं, नांगर. बोट दगडावरून सुटून तरंगत होती आणि आजूबाजूला आणखी दगड होते. अशा बोटीला ५ किलोचा नांगर, ३ मीटर साखळी आणि ४० मीटर दोर पुरतो; ४ मीटर पाण्यात २५ ते ३० मीटर सोडला की पकड बसते, जागा अडचणीची असेल तर थोडा कमी. नुसत्या गुळगुळीत खडकावर नांगर घसरतो, चिखल असलेला खळगा शोधावा लागतो. जुन्या लाकूडतोडीच्या काळातले ओंडके तळाशी पडलेले असतात, त्यांत तो अडकतोही.

चौथं, रेडिओ. सेलफोनची रेंज बेटांमागे जाते-येते, त्यामुळे व्हीएचएफ, चॅनल १६. जीव धोक्यात असेल तर मेडे. बोट तरंगते आहे पण अडचणीत आहे, तर पॅन-पॅन. तीनदा पॅन-पॅन, बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश प्लॉटरवरून वाचून, काय झालं, किती माणसं, कोणाला किती लागलं, आता काय करणार. किनाऱ्यावरची जागा बोलीभाषेतल्या नावाने सांगू नये. एकाच नावाची दोन बेटं या किनाऱ्यावर सापडतात.

पंखा बदलणं

मोटर पूर्ण उचलून पाहिलं: तीनपैकी दोन पाती टोकाला दुमडलेली, खालचं संरक्षक पातं तिरकं तुटलेलं. पंख्याच्या आतल्या रबरी बुशने मार झेलला होता. अशी बुश निसटली की इंजिन आवाज करतं आणि बोट हलत नाही. कधी कधी अगदी कमी फेऱ्यांवर थोडं ओढते. त्याच भरवशावर जाता येतं, पण वाकलेलं पातं दांडा थरथरवतं आणि तेलाचं सील खातं. सुटा पंखा बोटीत होता, ही या संध्याकाळची एकमेव जमेची बाजू.

चावी खिशात, मोटर न्यूट्रल. मोटरच्या खाली जुनी चादर बांधायची, म्हणजे पडलेली वस्तू सरोवरात जाणार नाही. पान्याला दोरी. पाचर पिन सरळ करून ओढायची (काही मोटरींना पिनेऐवजी कडा दुमडलेली वॉशर असते, ती सरळ करावी लागते). पात्यामागे लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडायचा. मग क्रमाने येतात वॉशर, स्पेसर, पंखा. आणि पंख्याच्या पाठीमागे, मोटरच्या अंगाला, एक जाड निमुळती वॉशर असते, थ्रस्ट वॉशर. हीच पाण्यात पडते. ग्रीसने ती पंख्याच्या आत चिकटून येते, पंखा उलटा केला की टपकते. ती नसेल तर नवा पंखा बसतो, पण गिअरच्या घरावर घासतो आणि थोड्या वेळात दोन्ही खराब होतात. म्हणून सुट्या पंख्याच्या पिशवीत दुसरी थ्रस्ट वॉशर, दुसरा नट आणि दोन पिना ठेवायच्याच.

दांड्यावर चिकटलेला दोरा, मासेमारीची नायलॉन असेल तर काढायची. दात्यांवर ग्रीस. निमुळती वॉशर, तिची निमुळती बाजू दांड्याच्या उताराला बसेल अशी, पंखा, स्पेसर, वॉशर, नट. नट पुस्तकात दिलेल्या ताणावर आवळायचा, मग पिनेचं भोक जुळत नसेल तर थोडा आणखी आवळून जुळवायचा, सैल करून नाही. हाताने पंखा फिरवताना दांड्याच्या टोकाजवळ एक काडी धरायची: काडी आणि टोक यांतलं अंतर फेरीभर सारखं राहिलं तर दांडा बहुधा सरळ आहे. इथे सारखं राहिलं.

हे सगळं होईपर्यंत पावणेसात वाजले.

पुढे की मागे

हँगडॉग चॅनल वळणावळणाचा आहे, खुणांनी भरलेला, आणि पश्चिमेच्या लाटेला उघडा. सूर्यास्ताला पाऊण तास. मार खाल्लेली मोटर, कपाळ फुटलेला मुलगा. बेफील्डला पोचायचं बुकिंग नव्हतं, कोणी वाट बघत नव्हतं. तरी सुकाणूवरच्याचं मन पुढेच ओढत होतं, कारण बेत तसा ठरला होता. बरोबर निर्णय मागे फिरण्याचा. सूर्य आता पाठीशी, पाण्यातले पिवळे डाग येतानापेक्षा लांबून दिसतात, प्लॉटरवर आपली आल्या वाटेची रेघ आहे. त्या रेघेवरही डोळे मिटून जायचं नाही, कारण तिच्यातला शेवटचा तुकडा दगडावरूनच गेलेला आहे. आधी खुणांच्या चॅनलमध्ये शिरायचं, मग ५ नॉटने स्टेशनकडे. थरथर किंवा नवा आवाज आला तर लगेच कमी. दिवे सूर्यास्ताआधीच लावायचे. रेडिओवर नवा बेत कळवायचा, नाहीतर शोधायला निघालेले लोक बेफील्डकडे बघत बसतील.

जवळच्या एखाद्या बेटावर उतरून रात्र काढावी असंही सुचतं. या भागातली पुष्कळ बेटं खाजगी आहेत. शिवाय ओंटारिओतला एकमेव विषारी साप, मॅसासॉगा रॅटलस्नेक, याच खडकांवर असतो. सहसा वाटेला जात नाही, पण अंधारात चपला घालून ओंडके उचलू नयेत. नांगर नीट धरला असेल तर बोटीतच झोपणं बरं.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरवर

दगड लागलेली मोटर "चालतेय" म्हणून तशीच वापरणं ही या प्रकरणातली शेवटची संभाव्य चूक. बोट ट्रेलरवर घेऊन मोटर उभी, खाली ताटली, तळाचा स्क्रू सोडायचा आणि पहिले काही थेंब बघायचे. तेल स्वच्छ आलं तर सील शाबूत असण्याची शक्यता चांगली. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाच्या चहासारखं निघालं, तर सील गेलं. दाबाची चाचणी करून सील बदलल्याशिवाय मोटर पाण्यात घालायची नाही. स्क्रूच्या चुंबकावर काळी बारीक पेस्ट असणं नेहमीचं. चकचकीत कपच्या असतील तर गिअरचा दात तुटलाय. संरक्षक पातं वेल्ड करून नवं बसवता येतं. तोवर त्याच्या जागी पंखाच सगळ्यात खालचा असतो, आणि चार्टवरच्या बेरजेत मोटरचा आकडा नव्याने मोजून लिहावा लागतो.